बेरेनिकेच्या उकिरड्यावर

"अहो, इथे काहीच नाहीये!" गाडीतून उतरल्या उतरल्या बायको म्हणाली. खरंच नव्हतं. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठाने मर्सा आलमहून दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटर, परवानगीचे कागद चारदा दाखवून आम्ही पोचलो, ते वाळू, खापरं आणि पोवळ्याच्या दगडांच्या ढासळलेल्या भिंती बघायला. रोमन काळात बेरेनिके हे गजबजलेलं बंदर होतं. इथल्या सेरापिसच्या देवळात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, तीही भारतीय रांजणात. सातवाहनांची नाणीसुद्धा सापडली. आम्ही कल्याणकर, त्यामुळे जरा कॉलर ताठ झाली. पण त्याच काळातलं एक ग्रीक प्रवासवर्णन सांगतं की कल्याणला चुकून लागलेली जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. म्हणजे कल्याणला उतरणं तेव्हाही सोपं नव्हतं!

मला बघायचा होता गावाबाहेरचा उकिरडा. त्याखाली पहिल्या-दुसऱ्या शतकातली प्राण्यांची दफनभूमी आहे. उत्खननात मिळणाऱ्या प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासक मार्ता ओसिपिन्स्का यांच्या चमूने २०२१ मध्ये ५८५ प्राण्यांचा हिशेब मांडला: ५३६ मांजरं, ३२ कुत्री, १५ माकडं, एक कोल्हा, एक ससाणा. इजिप्त आणि मांजर म्हटलं की ममी आणि देवीला वाहिलेले बळी डोळ्यांपुढे येतात. इथे एकही ममी नाही, सुरीची खूण नाही. काहींना आधी हा नुसता कचराच वाटला होता. पण प्राणी झोपल्यासारखे ठेवलेत, अंगावर कापड नाहीतर खापर, काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टा किंवा मण्यांची माळ. एका मोठ्या कुत्र्याला हाडांचा कॅन्सर होता. त्याला पामच्या पानांच्या चटईत गुंडाळून वर मद्यकुंभाचे अर्धे तुकडे झाकले होते. पोटात शेवटचं जेवण: मासे आणि बोकडाचं मटण. याला विधी म्हणायचं तर म्हणा, मला तो लाड वाटतो.

माकडं मात्र आपली, भारतातली लाल तोंडाची. जहाजातून इथवर आली आणि बरीचशी लहानपणीच मेली.

"कोणीतरी केळं दाखवून गलबतात चढवलं असेल बिचाऱ्याला," बायको म्हणाली. मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. त्याने भोवतालच्या वाळवंटाकडे हात केला.

"आणि इथे उतरल्यावर?"