दोघांचे चौघे होताना: माइकशिवाय जॅझ

सॅक्सोफोन आणि ड्रम्स अशा जोडीत सुरांची चौकट कुणी बांधत नाही, त्यामुळे सॅक्स हवा तिकडे फिरतो. डबल बेस आणि सतार आली की ही मोकळीक कमी होते. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगली भागात चांगली सतार आणि ती लावणारा हात दोन्ही मिळतात. अडतं ते पट्टीवर, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा यावर.

सतार बहुधा काळी एकला, म्हणजे सी-शार्पला लावलेली असते. बेसच्या खुल्या तारा ई, ए, डी, जी. बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांच्या थाटात काळी एकला यातली एकही बसत नाही, म्हणून बेस कोरडा वाजतो. सतार अर्धा सूर उतरवून पांढरी एकला, म्हणजे सीला आणा: चारही खुल्या तारा कामी येतात आणि आल्टो सॅक्सचा सा त्याच्या लिखित ए वर येतो. चढवू नका, तार तुटते. उतरवताना तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या बारीक ताराही उतरवा, नाहीतर त्या मुक्या राहतात. हे आदल्या रात्रीच करावं. तारा स्थिरावायला वेळ घेतात.

मग माइक नसताना आवाजाचा समतोल. सतार पुढे, सॅक्स दोन पावलं मागे आणि तिरका. ड्रम्सना काठ्या नकोत, ब्रश घ्या, खाली जाड सतरंजी. बेसची सर्वांत खालची ई साधारण 41 हर्ट्झची; किक ड्रम जोरात पडला की तीच आधी बुडते. सतारीच्या एकल वादनात सॅक्स पूर्ण गप्प हवा. तरफांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, ऐकू यायला तेवढी जागा लागतेच.