बॅटरी कोण पितंय?

जुनी गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस एकच औषध सांगतो, बॅटरी बदला. आणि सांगतो तेसुद्धा माझ्या नवऱ्याला, गाडी माझी, चालवते मी, बॉनेट उघडून उभी मी, तरी "साहेब, बॅटरी गेली बघा तुमची".

आमची कॅम्पर म्हणजे मूळची शाळेची पोरं नेणारी डिझेल व्हॅन. सीट काढून आत बेड, छोटा ओटा, फ्रिज, पंखा, दिवे बसवून घेतलेत. इंजिन म्हातारं पण गुणी, पंप मेकॅनिकल, सेन्सर-बिन्सर काही नाही. फॅब्रिकेशनवाल्याने मागच्या सामानासाठी वेगळी बॅटरी दिली होती, इंजिन चालू असलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडणार, गाडी बंद केली की तोडणार, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी सेल्फ मारायला पुढची बॅटरी फुल. कागदावर एकदम झकास.

सांगलीहून निघालो, पेठ नाक्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल बोलत नाही, नाहीतर पोस्ट तिथेच संपेल. रात्री कराडला प्रीतिसंगमाजवळ मुक्काम केला आणि सकाळी सेल्फ नुसता टक टक. हायवेवरच्या एका दुकानात नवी बॅटरी घातली, जवळजवळ नऊ हजार गेले. दुकानदाराने जुनी नीट तपासलीसुद्धा नाही, हलवून बघितली आणि "संपली" म्हणाला, कलिंगड असल्यासारखी!

सज्जनगड बघितला, ठोसेघरला धुक्यात धबधब्याचा फक्त आवाज ऐकला आणि वर चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन झोपलो. सकाळी परत टक टक. नवी कोरी बॅटरी, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिण करून विझले. चारी बाजूंना पवनचक्क्या गरागरा फिरतायत, वीज तयार होतीये, आणि आमच्याकडे सेल्फ मारण्याएवढा करंट नाही. मी मीटर लावला तर पुढची बॅटरी ११ व्होल्टच्या खाली, मागची पण तेवढीच, अगदी पॉइंटपर्यंत सेम. चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास दाखवते. दोन्हीचा आकडा एकच कसा, हे तेव्हाच डोक्यात टोचलं पण वाऱ्यात उभं राहून विचार करवेना.

पवनचक्कीवर कामाला निघालेली पोरं बाइक थांबवून आली. "सेल्फ घेत न्हाय व्हय? ढकलूया की." उताराला तोंड करून ढकलली, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला आणि एक हिसका देऊन चालू झाली. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, "आता साताऱ्यापर्यंत बंद पाडू नका फकस्त" एवढंच ओरडून गेले. बंद पाडू नका म्हणणं सोपंय, साताऱ्यात पोवई नाक्याला ऐन ऑफिसच्या वेळेला पोचलो आणि खाली ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, शिरायची माझी हिंमतच झाली नाही, तिथे बंद पडली तर अख्खं सातारा मागून हॉर्न मारणार, म्हणून वरूनच गर्दीतनं एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून काढली.

पुढच्या गल्लीत एक वायरमन मामा सापडले. दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर जुन्या डायनमोंचा ढीग. मामांनी बॅटरीला हात लावायच्या आधी विचारलं, रात्री आत काय काय चालू असतं? फ्रिज, म्हटलं, चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. मग गाडी बंद करायला सांगितली, चावी माझ्या हातात दिली आणि मागच्या बॅटरीची वायर सोडवून त्या मोकळ्या टोकाला बल्ब लावला. पेटला. मागची बॅटरी सुटी, चावी बाहेर, तरी बल्ब पेटतोय! म्हणजे गाडी बंद असतानाही पुढच्या बॅटरीचा करंट रिलेमधून मागे येतोय.

"बॅटरी चांगली हाय ओ ताई, तिला रात्रीत कुणीतरी पितंय."

(ताई! साहेब नाही, ताई.)

रिले उघडला तर आतले पॉइंट काळे पडून एकमेकांना वेल्डिंग झाल्यासारखे चिकटलेले, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले तेव्हा टच् आवाज आला. मागची बॅटरी रिकामी असताना गाडी चालू केली की ती एकदम दाबून करंट ओढते, तेवढा भार झेलायला तो रिले पोरकट होता, वायर तर मोबाईल चार्जरला शोभेल अशी, आणि इन्सुलेशन वितळून पत्र्याला चिकटलेलं. फ्यूज कुठेच नाही. आग लागली नाही हे नशीब.

मामांनी जाड वायर ओढली, मोठा रिले घातला, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज टाकले आणि वर ट्रकवाले लावतात तो लाल चावीचा कटऑफ बसवला. रात्री चावी फिरवायची, पुढची बॅटरी सुटी. सामानाचे पैसे सोडून मजुरी तीनशे. मी पाचशे दिले तर दोनशे परत, वर "कासला जाताय तर यवतेश्वरच्या घाटात लायटी लावा, धुकं असतंय".

कास मस्त होतं, फुलांपेक्षा सेल्फी स्टिक जास्त होत्या. गाडी रोज सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

फॅब्रिकेशनवाल्याला वितळलेल्या वायरचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, गाडी जुनी आहे ना, बॅटरी बदलून बघा."