रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

ताईने सोलापूरहून येणाऱ्या एका माणसाबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरीची ही थोरली पिशवी पाठवली, पोरीला पोचव म्हणाली, महिनाभर पुरेल. पोरगी म्हणजे माझी भाची, "पुण्यात" शिकते. म्हणजे विद्यापीठाचा मेन कॅम्पस शहरात आणि हिचा कोर्स त्यांच्या छोट्या कॅम्पसवर, पिरंगुटच्याही पुढे, फाट्यावरून आत. नाव सांगत नाही, तिला अजून दीड वर्ष काढायचंय तिथे.

वनाजपर्यंत मेट्रो, गारेगार. तिथून बस. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटकं लावून उडवला, २०२३ मध्ये नवीन पूल झाला, पण भूगावात बस अडकायची ती अडकलीच. फाट्यावर रिक्षावाल्याने दीड किलोमीटरचे १५० घेतले, मीटर म्हटलं तर हसला.

मी स्वतः गणेशखिंडीतली. ब्रिटिश गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १९४९ पासून थाटलेलं विद्यापीठ, ४११ एकर आवार, वडाची झाडं, जयकर ग्रंथालय, अनिकेत कॅन्टीनचा चहा. त्यामुळे माझी मापं बिघडलेली आहेत, मान्य. इथे दोन इमारती, एक हॉस्टेल आणि मागे डोंगर. लॅब मात्र कोरी करकरीत आणि वर्गात मुलं इतकी कमी की सर प्रत्येकाला नावानिशी ओळखतात, आम्हाला हे भाग्य नव्हतं. लायब्ररी म्हणजे चार कपाटं. पुस्तक हवं तर चिठ्ठी लिहून ठेवायची, गुरुवारी मेन कॅम्पसहून गाडी येते त्यात आलं तर आलं. बोनाफाईडवर शिक्का हवा तर दिवस मोडून शहरात जा. फी दोन्हीकडे सारखीच हं.

साडेचार वाजले तशी भाची म्हणाली, मावशी तू निघ, पाचची बस चुकली तर पुढची कधी येईल काही खरं नाही. मी सहज विचारलं, रात्री जेवायला काय आज? "रविवार आहे ना," म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

आता रविवारी संध्याकाळी मेस बंद हा पुण्याचा जुना धर्म आहे, आम्हीपण पाळलाय. दुपारी फीस्ट हाणायची आणि रात्री एफसी रोडला जाऊन काहीतरी खायचं, उलट मजाच यायची. पण इथे जायचं कुठे? फाट्यावरची टपरी अंधार पडायच्या आत बंद आणि जेवण मागवायच्या ॲपवर पत्ता टाकला की या भागात सेवा नाही. मग मॅगी. अख्ख्या मजल्यात मिळून एक इलेक्ट्रिक केटल, तीपण नियमात बसत नाही म्हणून तिचं नाव ठेवलंय "आजी". आजी कुणाच्या रूमवर आहे, आजीला आंघोळ घातली का, असं रेक्टरसमोर बिनधास्त बोलतात!

मला काय झालं कोण जाणे, म्हटलं जाऊ दे ती बस. पिशवी उघडली. व्हिजिटर रूममध्ये पेपर पसरला आणि बघता बघता नऊ-दहा पोरी जमल्या, कुणी नंदुरबारची, कुणी चिपळूणची, एकीने दुपारच्या फीस्टमधलं लपवून ठेवलेलं दही आणलं, स्टीलच्या डब्यातून आजीची मॅगी खाली आली. कडक भाकरी पहिल्यांदा बघणारी एक म्हणाली हे पापड आहेत का, तर भाचीने तिला मोडून दह्यात भिजवून कशी खायची ते इतकं रागावून शिकवलं की मला ताईच दिसली.

तेवढ्यात रेक्टर मॅडम. पाहुण्यांची वेळ साडेपाचपर्यंत, आता सहा दहा झालेत. मी पण तापले, म्हटलं एवढ्या लांब पोरी ठेवता आणि रात्री उपाशी? त्या शांतपणे म्हणाल्या, "मेसवाल्या मावशींना आठवड्यातून एक संध्याकाळ तरी घरी जाऊ द्यायचं की नाही, मॅडम?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकाट्याने रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही केली. डब्याकडे त्यांनी बघितलं नसेल असं नाही, पण बोलल्या नाहीत.

बस मिळाली पावणेआठला, वनाजपर्यंत उभी. भूगावात ताईचा फोन, पोचलं का गं सगळं, पुरेल ना महिनाभर?

पुरेल म्हटलं.