दूध वर आलं आणि काका चालले

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. सदाशिव पेठेतल्या एका काकांना पार्किन्सन्स आहे. हॉलमध्ये बरे चालतात, पण स्वयंपाकघराच्या चौकटीत आले की पाय जागच्या जागी खिळतात. आम्ही त्याला फ्रीझिंग म्हणतो. अरुंद जागा, दार, वळण इथे ते हमखास होतं.

त्या सकाळी काकू गॅलरीत फोनवर होत्या. काका चौकटीत अडकलेले, मी मागून कमरेचा पट्टा धरून "वजन डावीकडे घ्या, आता उजवा उचला" करत होते. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं. मी काही बोलायच्या आत काका तरातरा आत गेले, मी पट्ट्यासकट ओढली गेले, आणि त्यांनी गॅस बंद केला. परत वळायला गेले तर पुन्हा खिळले!

काकूंनी नेमकं ते पाहिलं. "म्हणजे येतंय की! मग रोज माझीच परीक्षा का?"

हा संशय मला बऱ्याच घरांत भेटतो. आग लागल्यावर एरवी जागचा न हलणारा रुग्ण उठून पळाला, अशी उदाहरणंही वैद्यकात सांगतात. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की आपसूक होणाऱ्या गोष्टी आधी जातात: चालताना हात हलणं, पापण्या लवणं, मनात आलं की पाऊल पडणं. बाहेरून काही खुणावलं, तर मात्र शरीर दुसऱ्या वाटेने कामाला लागतं. आपल्याला काकांची ती धाव उत्स्फूर्त वाटते. माझ्या मते ती दुधाने करून घेतली. उत्स्फूर्त असतं ते उगीच उठून खिडकीशी जाणं, आणि काकांचं नेमकं तेच हरवलंय.

"मग काय, रोज दूध ऊतू जाऊ देऊ?" काकू म्हणाल्या.

मी चौकटीपाशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले. काका एकेक पट्टा ओलांडत आत आले. काकू जरा गप्प झाल्या, मग त्यांनी चेहऱ्याचं विचारलं. "फोटोवाला सांगतो तेव्हा हसतात, माझ्या बोलण्यावर नाही." मी सांगितलं, तेही यातलंच. आपोआप येणारं हसू आधी मंदावतं, ठरवून आणलेलं बरंच टिकतं.

"म्हणजे इतके दिवस मला वाटायचं रागावलेत, ते..."

"कधीकधी रागावलेलोही असतो," काका बारीक आवाजात म्हणाले.