आंबट लागली म्हणून तोंड वाकडं केलं

शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा, ब्रसेल्स, हॉटेलची खोली

पाय दुखतायत, डोकं थोडं हलकं झालंय आणि झोप काही येत नाहीये, म्हणून लिहून टाकते, नाहीतर उद्यापर्यंत अर्धं विसरेन.

तर आज मी बिअर टूरला गेले. मी! नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या ऑफिसात तीन वर्षं जिला सगळे 'छोटी बिअर घेणारी आणि तीही अर्धी ठेवणारी' म्हणून ओळखतात ती. तिकिटं मैत्रिणीने काढली होती दोघींची, ऐन वेळी तिच्या पोराला ताप आला, पैसे परत मिळणार नव्हते, आणि पंचावन्न युरो असेच सोडून द्यायला माझा जीव होईना, गिरगावातल्या चाळीत वाढलेय मी. शिवाय हॉटेलचंही बुकिंग होतंच. म्हटलं चल बाई एकटीच, फार तर काय, कंटाळा येईल.

ग्राँ प्लासवर जमायचं होतं, साडेपाचला. थंडी चार डिग्री आणि वरून ती भुरभुर, जिला पाऊसही म्हणता येत नाही. आम्ही नऊजण. एक डच म्हातारं जोडपं, दोन आयरिश मित्र जे आधीच प्यायलेले होते, एक ब्राझीलची मुलगी, बाकीचे नीट लक्षात नाहीत. गाईड म्हणजे पूर्वीचा शाळामास्तर, दाढीवाला, लोकरीची टोपी, आणि मास्तर असल्यामुळे मध्येच प्रश्न विचारायची खोड. त्याने आम्हाला चौकातल्या एका इमारतीसमोर उभं केलं, वर घोड्यावर बसलेला सोनेरी पुतळा. म्हणाला, हे कुणाचं घर असेल? राजाचं, बिशपचं, सगळं सांगून झालं. तर ते बिअर गाळणाऱ्यांच्या संघाचं. १६९५ मध्ये फ्रेंचांनी तोफा डागून हा चौक बेचिराख केला, मग एकेका धंद्याच्या संघाने आपापलं घर पुन्हा बांधलं, आणि त्यात बिअरवाल्यांचं घर नगरपालिकेच्या शेजारी ऐटीत उभं. दारू गाळणाऱ्यांचं घर, गावाच्या मधोमध, सोनं लावून. हे मला तेव्हाच कुठेतरी टोचलं होतं, पण का ते कळलं नाही.

पहिला बार एका बोळात. मी सवयीने 'एक लागर' म्हणणार होते, गाईडने हात वर केला, आज नाही. समोर आली वेस्टमाल ट्रिपेल, ९.५ टक्के, आणि ती दिसते अगदी निरागस, सोनेरी, वर साबणाच्या फेसासारखा पांढरा शुभ्र थर. पाद्री लोकांच्या मठात बनते. अशा बिअरला ट्रॅपिस्ट म्हणतात, पण ते नाव लावायचं तर मठाच्या आवारातच बनली पाहिजे, त्यावर साधूंची देखरेख पाहिजे आणि नफा स्वतःच्या चैनीसाठी नाही. आपल्याकडे मठात दारू गाळली असती तर काय झालं असतं या विचाराने मला एकटीलाच हसू आलं आणि आयरिश माणसाला वाटलं मी त्याच्या जोकवर हसले, मग तो पुढचा तासभर मला जोक सांगत राहिला.

दुसरी ओर्वाल. हिला एक वास येतो, गाईड म्हणाला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा. नऊजणांनी नऊ ग्लासात नाकं घातली. मला घोंगडी वगैरे काही कळली नाही, ओलं गोणपाट म्हणाल तर हो.

इथे त्याने एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. बेल्जियमच्या बिअर इतक्या कडक का? कारणं बरीच, पण एक असं की १९१९ मध्ये कायदा झाला, बारमध्ये जिन आणि तसली कडक दारू विकायची नाही. कामगार फार पितात म्हणून. लोकांना कडक हवंच होतं, मग बिअरवाल्यांनी बिअरच कडक केली. म्हणजे बंदी आली आणि धंदा वाढला. सगळे हसले. मीही हसले.

मग त्या प्रसिद्ध डेलिरियमच्या गल्लीतून गेलो, गुलाबी हत्तीवाला बार, २००४ मध्ये तिथे २,००४ प्रकारच्या बिअर ठेवून गिनीजचा विक्रम केलेला. गर्दी म्हणजे संध्याकाळी सव्वासहाचं दादर. आत गेलो नाही. समोरच उकिडव्या बसलेल्या मुलीचं कारंजं आहे, ब्रसेल्सच्या त्या जगप्रसिद्ध मुतऱ्या पोराच्या पुतळ्याची बहीण म्हणे, १९८७ मध्ये बसवली. बायकांना समान हक्क एकदाचे मिळाले.

'आ ला मॉर सुबित'मध्ये पाच मिनिटं, आरसे, पिवळट भिंती, लांबच्या लांब लाकडी टेबलं, १९२८ पासून इथेच. नावाचा अर्थ अचानक मरण. बँकेतले कारकून जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायचे, परत जायची वेळ झाली की शेवटचा डाव झटपट, त्या डावाला हे नाव. आमच्या चाळीतल्या रमीलाही असं काहीतरी नाव पाहिजे होतं.

आणि मग शेवटचा बार, मूदर लांबिक, फाँतेनास चौकातला. गाईड म्हणाला, पायाखाली बघा, तुम्ही उभे आहात तिथून एकेकाळी नदी वाहायची. सेन नदी. १८६७ ते १८७१ या काळात तिच्यावर कमानी घालून वरून रस्ता काढला, इतकी घाण झाली होती. (आमची मिठी अजून उघड्यावर वाहते, हे मी सांगितलं नाही, उगाच कशाला.) तर या नदीच्या खोऱ्यातल्या हवेत जे किडेमकोडे, म्हणजे यीस्ट नि बॅक्टेरिया आहेत, त्यांच्यावर लांबिक नावाची आंबट बिअर बनते. वरून यीस्ट घालायचंच नाही. गहू नि बार्लीचं उकळलेलं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवायचं, हवेतून जे पडेल ते पडेल, मग लाकडी पिंपात एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. तिन्ही वयाच्या एकत्र करून बाटलीत भरली की ती ग्यूझ. जुनीला चव, नवीत राहिलेली साखर, त्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबते आणि फेस येतो.

बाटली कशी आणली ते सांगते. वेताच्या छोट्या आडव्या टोपलीत निजवलेली, तान्ह्या बाळासारखी. तशीच आडवी ठेवून बूच काढलं आणि टोपलीसकट तिरकी करून ओतली, खालचा गाळ हलू नये म्हणून. सोबत जाड ब्रेडवर पांढरं मऊ चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात. ते चीज म्हणजे सरळ आपला चक्का, साखर घालायच्या आधीचा.

घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. सगळ्यांचंच झालं. आयरिश म्हणाला, ही नासलीय. ब्राझीलवाली म्हणाली, लिंबू? गाईड मजेत बघत होता, रोजचंच असणार त्याचं. मी दुसरा घोट घेतला आणि हातातला ग्लास तसाच राहिला.

कारण ही चव मला माहीत होती. हुबेहूब नाही, पण नाकात आधी येणारा तो आंबूस, जरा सडल्यासारखा, जरा फळासारखा वास आणि मग जिभेच्या कडांना लागणारी ती चुणचुण. माडी. वेंगुर्ल्याला, मे महिन्यात, मी अकरा वर्षांची, आजोबांच्या धाकट्या भावाने स्टीलच्या पेल्यातून एक घोट दिला होता आणि आईने त्यांना काय काय ऐकवलं होतं. तेव्हाही तोंड असंच वाकडं केलं होतं मी.

आजोबा माड चढायचे. आम्ही भंडारी, माडी काढणं हाच धंदा. पण मुंबईत आमच्या घरी हे कधी बोललं गेलं नाही. बाबा कुणी विचारलं तर 'गावाला थोडी शेती होती' म्हणतात. शाळेत 'माझे आजोबा' निबंधात मी शेतकरी लिहिलंय, बैलासकट. आजोबांकडे बैल कधी नव्हताच.

गाईड म्हणत होता की बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे. ते डच आजोबा मान हलवत होते. आणि मला सारखा तो १९१९ चा कायदा आठवत होता ज्यावर मी हसले होते, कारण आमच्याकडे १९४९ चा होता. मुंबईचा दारूबंदी कायदा. इथे बंदी आली तर बिअर कडक झाली, तिथे बंदी आली तर पंचविशीतला एक माणूस पहाटे चोरून माडावर चढायला लागला. अर्थात दोन्ही बंद्या सारख्या नव्हत्या, हे मला कळतं, इथे बिअरला कुणी हात लावला नव्हता. पण ग्लास संपेपर्यंत मी काही बोलले नाही, आणि हो, संपवला. पूर्ण. मैत्रिणीला फोटो पाठवलाय पुरावा म्हणून.

शनिवार, संध्याकाळ, स्टेशनवर, ट्रेन वीस मिनिटं लेट

सकाळी काँतियोंला, म्हणजे लांबिकच्या एका जुन्या कारखान्यात जाऊन आले. आंदरलेख्तमध्ये, मिदी स्टेशनपासून चालत. बाहेरून बघाल तर गॅरेज वाटेल. १९०० पासूनचा कारखाना, शहरात असे एकेकाळी कितीतरी होते, जुन्यांतला हा उरला. कारखानाही चालू आणि तेच म्युझियमही.

माळ्यावर ते भांडं पाहिलं. तांब्याचं, खोलीएवढं आणि उथळ, प्रचंड मोठी परात समजा. आज रिकामं होतं. भिंतीला फटी आहेत, रात्री त्या उघडतात नि वारा आत घेतात. ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच हंगाम, उन्हाळ्यात नको ते जंतू येतात म्हणून. हॉप्ससुद्धा, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वाळवलेली फुलं, मुद्दाम जुने, वर्षानुवर्षं ठेवलेले वापरतात, कडूपणा जातो पण टिकवायचा गुण राहतो.

खाली पिंपं, रांगेने, काळोखात, आणि त्यांच्यावर कोळिष्टकं. साफ करत नाहीत. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून कोळी मारायचे नाहीत. आईने ही जागा पाहिली तर झाडू घेऊन उभी राहील. मी एका पिंपाजवळ गेले, फळीच्या फटीतून फेस बाहेर येऊन वाळला होता, तपकिरी, दुधाच्या भांड्याच्या काठाला धरते तशी साय. हात लावायचा मोह आवरला.

शेवटी दोन छोटे ग्लास देतात. पहिली नुसती लांबिक, फेस अजिबात नाही, सपाट, सरबतासारखी. ती तर अजूनच माडी. एक बाटली घेतली, बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलीय. कुणासाठी ते ठरवलेलं नाही.

रविवार, घरी

बाबांना व्हिडिओ कॉल केला. आई देवळात गेली होती हे बघूनच केला, खरं सांगायचं तर. बिअर प्यायला गेले होते म्हणून सुरुवात करायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं एक कारखाना बघून आले, यीस्ट न घालता नुसत्या हवेवर आंबवतात.

बाबा म्हणाले, हवेवर नाही.

मी म्हटलं, म्हणजे?

'हवेवर थोडं. पण मुख्य पिंपावर. पिंपं धुतात का ती लोकं?'

मी म्हटलं, धुतात की, गरम पाण्याने, पण लाकडाच्या आत राहतंच म्हणाले काहीतरी. बाबांनी मान हलवली, त्यांना हवं ते उत्तर मिळाल्यासारखी, आणि एकदम मालवणीत शिरले, जे ते मुंबईत कधीच करत नाहीत. 'तां मडका कधी घासूचा नाय गो. नुसता पाण्यान इसळूचा. आदल्या दिसाचा थोडा रवता ना आत, तेनाच चढता.' मग सांगत सुटले. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कशी बांधायची, तिला हलके हलके ठोकून कशी नरम करायची, टोक रोज किती पातळ कापायचं, जाड कापलं तर पोय लवकर संपते. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, मग आंबत नाही. पहाटेची गोड, दुपारपर्यंत आंबट, संध्याकाळी डोक्यात जाणारी. सहा-सात वर्षांचे असताना ते खाली उभे राहून वाटेकडे बघायचे, कुणी पोलीस येतोय का म्हणून. आला तर शीळ घालायची.

हे मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. शीळ. बाबांना शीळ येते हेही मला माहीत नव्हतं.

म्हटलं, मग वाजवून दाखवा ना. ते हसले, ओठांचा चंबूसुद्धा केला. तेवढ्यात दाराची कडी वाजली, आई आली. बाबांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने म्हणाले, 'बरं, थंडी किती आहे तिकडे? हीटर चालू ठेवतेस ना रात्री?'