६६-० आणि एक बादली

आत्ता ब्लूमिंग्टनहून घरी आलोय, पायाची बोटं अजून बधिर आहेत पण झोप काही येत नाहीये 😄 अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच, इंडियाना युनिव्हर्सिटी ६६, जुनी प्रतिस्पर्धी पर्ड्यू युनिव्हर्सिटी ०!! मागच्या वर्षी, २०२३ मधे, हीच इंडियानाची टीम ३-९ (३ जिंकल्या, ९ हरल्या) होती हो, लोक पार्किंगमधे खायला-प्यायला यायचे आणि हाफटाइमला घरी. मग जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून हा कर्ट सिग्नेटी हेड कोच म्हणून आला, आल्या आल्या म्हणाला मी जिंकतो, गूगल करून बघा. मी म्हटलं आला अजून एक बोलबच्चन. तर साहेब येताना तिकडची डझनभर पोरं सोबत घेऊन आले आणि आता ११-१! या टीमनं आजवर एका सीझनमधे १० मॅचपण कधी जिंकल्या नव्हत्या. हरलो फक्त ओहायो स्टेटशी, ते मात्र सपाटून, ३८-१५.

आज आमच्या क्वार्टरबॅकनं (पास टाकणारा मुख्य खेळाडू), रोर्कनं, ६ टचडाउन पास (थेट ६-६ गुण देणारे) टाकले, मधे मधे तर पर्ड्यूवाल्यांची दयाच यायला लागली, म्हणजे थोडीशीच. शेवटी पोरांनी या दोन टीमच्या मॅचची ट्रॉफी उचलली, ट्रॉफी म्हणजे खरीखुरी जुनी लाकडी बादली, जो जिंकेल त्याचं अक्षर (I किंवा P) दरवर्षी तिच्या साखळीत अडकवतात. तीन वर्षं पर्ड्यूकडे होती.

साताऱ्याला आईला फोटो पाठवला तर म्हणते, एवढ्या थंडीत बादली बघायला गेला होतास?