हुबळीला जाऊन आलेला तारामासा: माझा अनुभव

पार्सल ऑफिसच्या खिडकीतून 'हत्तू गंटेगे बर्री' (दहा वाजता या) एवढंच उत्तर मिळालं तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि मुंबईहून निघालेला माझा खोका हुबळीच्या वाटेला लागला होता. खोका उतरायचा होता त्या बेळगावला बस दोन मिनिटं थांबते. क्लीनरनं डिकीत हाताला लागेल ते खाली काढलं, बाकीचं पुढे गेलं. दहा वाजता शटर उघडलं तेव्हा 'संध्याकाळी बघू', संध्याकाळी 'उद्या सकाळी नक्की'. दुकानात तारामाशाची पिशवी बांधल्यापासून चाळीस तासांनी खोका हातात आला. आत पाच बाहूंपैकी दोन गळून पडलेला तारामासा आणि दुधी पाणी.

प्राणी कोणता ते आधी सांगतो. ॲस्ट्रोपेक्टेन पॉलीअकॅन्थस, दुकानात 'सँड सिफ्टिंग स्टार' (वाळू चाळणारा तारा) म्हणून मिळतो. करडा-तपकिरी, बाहूंच्या कडेला कंगव्यासारखे काटे. दिवसभर वाळूत गाडून घेतो आणि आतले किडे, बारीक शिंपले, गोगलगायी अख्ख्या गिळतो. याच्या पायांना चोषक नसतात, टोकं निमुळती असतात, म्हणून हा काचेवर चढून बसत नाही. काचेवर चिकटलेला कुणी 'सँड सिफ्टिंग' म्हणून विकत असेल तर तो दुसराच काहीतरी आहे.

आता पिशवीचं. मासे पाठवण्याची पद्धत याला जशीच्या तशी लावली की घोटाळा होतो. तारामाशाच्या अंगात जे पाणी फिरतं ते जवळपास बाहेरचंच समुद्राचं पाणी असतं. आतली क्षारता सांभाळायची सोय त्याच्याकडे नाही. बाहेरच्या पाण्यातलं मीठ झटकन बदललं की पेशी फुगतात किंवा आक्रसतात. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्यानं, बाहूची टोकं पांढरी पडून मऊ होतात आणि तुटायला लागतात. तिथून तारामासा सावरत नाही. म्हणून सगळे सांगतात, थेंब थेंब पाणी घालून सावकाश सवय लावा.

पण पिशवी पंधरा-वीस तास बंद असेल तर त्या पाण्यात सावकाश सवय लावणंच घातक. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो (पाणी आम्लतेकडे झुकतं), आणि प्राण्यानं सोडलेला अमोनिया कमी पीएचमुळे अमोनियमच्या रूपात, कमी विषारी अवस्थेत राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, तोच अमोनियम पुन्हा अमोनिया होतो. वर आपण टाकीतलं 8.2 पीएचचं पाणी थेंब थेंब घालत तीन तास बसणार, म्हणजे विष ताजं करून त्यालाच पाजणार. पहिल्या वेळी माझ्याकडून हेच झालं. उरलेले तीन बाहूही त्या रात्रीत गेले. दोष अर्धा त्या खिडकीचा, अर्धा माझा.

दुसऱ्या वेळी केलं ते असं, आणि आता दुसरी पद्धत मी वापरत नाही. खोका यायच्या आदल्या दिवशी दोन कॅन तयार ठेवायचे: एकात 1.026 घनतेचं (समुद्राइतकं खारं) ताजं पाणी, दहा लिटर, रात्रभर एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून. दुसऱ्यात नुसतं आरओ पाणी. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं. मग उघडून लगेच रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) पिशवीतलं पाणी मोजायचं. दुकानदार मीठ वाचवायला आणि माशांवरचे परजीवी कमी राहावेत म्हणून बऱ्याचदा 1.018 ते 1.020 वर टाक्या चालवतात. माझी पिशवी 1.020 निघाली. तीन भाग खारं आणि एक भाग आरओ मिसळलं की साधारण 1.0195 होतं, वाटीभर खारं जास्त घातलं की जुळलं. बादलीतल्या अशा दोन लिटर स्वच्छ, बिनअमोनियाच्या पाण्यात तारामासा थेट हलवायचा. पिशवीचं पाणी मोरीत.

हलवताना हवेत उचलू नका. पिशवीतच त्याच्याखाली वाडगं सरकवा, वाडग्यासकट बादलीत बुडवा आणि हळूच तिरपं करा. वाडग्यातून पिशवीचं वाटीभर पाणी आलं तर चालतं.

आता सावकाश. एअरलाइनच्या नळीला छोटा व्हॉल्व्ह लावून टाकीतून पाणी सोडायचं, सेकंदाला चार थेंब. वीस थेंबांना एक मिलिलिटर धरलं तर तासाला सातशे वीस मिली होतं. तीन तासांत बादलीतलं पाणी दुपटीवर जातं आणि घनता साधारण 1.023 वर येते. निम्मं काढा, पुन्हा तीन तास: 1.0245 च्या आसपास. पुन्हा निम्मं काढून तीन तास: 1.025 च्या पुढे. एकूण नऊ तास. कंटाळवाणं आहे, पण सरासरी ताशी 0.001 पेक्षा फारसा जास्त चढ नको. नोव्हेंबर-डिसेंबरात बेळगावची रात्र चांगलीच गार पडते, बादलीतलं पाणी नऊ तासांत सहज पाच-सहा अंशांनी उतरतं. ती बादली कोमट पाण्याच्या टबात उभी करा आणि टबातलं पाणी मधूनमधून बदला.

रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावण विकत मिळतं, त्यावर जुळवा. काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर या कामाला नको. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटं बोलतो.

पार्सलकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. बुकिंगच्या अर्जात 'मालाचा प्रकार' असा रकाना असतो. 'जिवंत' लिहिलं की खिडकीवाला खोका परत सरकवतो. 'प्लॅस्टिक सामान' लिहिलं की खोका आडवा पडतो आणि वर कुणाचं तरी सिमेंटचं पोतं. मी 'शोभेचे मासे, उभे ठेवा' लिहायला सांगितलं आणि चारी बाजूंना बाण काढायला सांगितले. त्याहून कामाचं म्हणजे क्लीनरचा मोबाइल नंबर. बस सुटल्यावर एकदा आणि निपाणी ओलांडल्यावर एकदा फोन करायचा, आणि ऑफिसात न जाता बस थांबते तिथे हायवेवर जाऊन खोका स्वतः डिकीतून उतरवून घ्यायचा. दहाला उघडणाऱ्या ऑफिसचे तीन तास तिथेच वाचले. दुकानदारालाही पिशवी चारला न बांधता सातला बांधायला सांगा, बस आठची असेल तर. पिशवी दुहेरी, पाणी तारामासा पूर्ण बुडेल इतकं, वर ऑक्सिजन, थर्माकोलचा खोका. एप्रिल-मे महिन्यांत मागवूच नका.

पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून व्हिडिओ मागा: तारामासा पाण्यातच उलटा करून ठेवलेला. धडधाकट प्राणी बाहू वाकवून काही मिनिटांत सुलटा होतो. पंधरा दिवस दुकानात राहिलेलाच घ्या. आणि विचारा, त्या टाकीत माशांच्या औषधाला तांबं वापरलंय का. तांबं याला विष आहे.

टाकीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझं काही अडलं नाही. पाच बाय दोन बाय दोन फूट, मोठी वाटली तरी एकाच तारामाशापुरती. वाळू बारीक अरागोनाइट (चुनखडीच्या जातीची), साडेसात सेंटिमीटर थर, शंभर किलोच्या आसपास लागते. वेंगुर्ल्याची किंवा गोव्याची किनाऱ्यावरची वाळू पोत्यात भरून आणायचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. तीत काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. पाण्याचंही तसंच, पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी पातळ झालेलं असतं. दगड वाळूवर ठेवू नका, आधी काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू भरा, कारण हा खालून उकरतो आणि दगड कोसळतो. तापमान 24 ते 26. पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. राकसकोप धरणाचं असो की बोअरचं, नळाचं सरळ नको. उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर उडतं, ते नुसत्या आरओनं भरा. मीठ उडत नाही.

मात्र एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. हा वाळू 'साफ' करत नाही, वाळूतला जीव खातो. नव्या टाकीत सोडला तर काही महिन्यांत उपाशी मरतो, आणि तोवर बरा दिसतो. वाळूला निदान सहा महिने द्या. टॉर्चवर लाल जिलेटिन गुंडाळून रात्री काचेला लागून वाळू बघा: किड्यांची बिळं, पळणारे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड (बारीक कवचधारी जीव) सगळ्या बाजूंनी दिसायला हवेत. एकाच कोपऱ्यात दिसले तर अजून थांबा. नॅसेरियस गोगलगायी आधीपासून असतील तर त्या गेल्याच समजा. हार्लेक्विन झिंगा असेल तर उलट हाच जाईल, कारण तो तारामासेच खातो. आणि वाळूसाठी समुद्री काकडी आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती 2001 पासून संरक्षित आहे.

तरीही साठा संपतोच. म्हणून आठवड्यातून तीनदा भरवायचं. बेळगाव कॅम्पातल्या फिश मार्केटातून तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कोळंबी आणून, धुऊन, चिंचोक्याएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये. तारामासा जिथे गाडलेला असेल तिथे बाहूच्या टोकापुढे प्लॅस्टिकची कडक नळी तीन सेंटिमीटर वाळूत खुपसायची आणि तुकडा आत ढकलायचा. तास-दीड तासानं तिथे खड्डा पडलेला दिसला की खाल्लं. दुसऱ्या दिवशी तुकडा तसाच असेल तर काढून टाका, नाहीतर नायट्रेट वाढतं. बाहू चपटे, बारीक व्हायला लागले किंवा दिवसाही वाळूवर पडून राहायला लागला तर तो भुकेला आहे. तेव्हा तुकडे दुप्पट करा.

पहिल्या खोक्याची पावती अजून माझ्याकडे आहे. भरपाई मागायला गेलो तेव्हा त्यांनी ती उलटी करून दाखवली. मागे कन्नडमध्ये, बारीक अक्षरात छापलेलं: नाशवंत व जिवंत मालाची जबाबदारी नाही. तुम्ही बुकिंग करण्याआधी मागची बाजू वाचून घ्या, किंवा वाचून घ्यायला कुणालातरी बरोबर न्या.